दोन तिरप्या, एक आडवी

रूपराव कालोकारांच्या घरी कधी पाणी प्यायलात, तर रिकामा पेला उलटा करून बघा. बुडाशी दोन तिरप्या रेघा आणि त्यांना कापून जाणारी एक आडवी रेघ दिसेल. ही रूपरावांची खूण. तीच परातीवर आहे, कुकरच्या झाकणावर आहे आणि शिट्टीवरही आहे. अंगणातल्या खाटेच्या चारही पायांवर एकेक केलेली आहे, जणू कोणी एकच पाय काढून नेणार आहे. गॅसच्या सिलिंडरवर तेवढी नाही, कारण तो परत द्यावा लागतो, आणि आपली खूण दुसऱ्याच्या घरात जावी हे त्यांना पटत नाही. त्यांची बायको नलूबाई शेजारणींना सांगते, "लग्नात ह्यायनं कुंकू लावाले हात वर केला न, तवाच म्या आधी पाह्यलं, हातात दाभण तं नाई!"

खूण आली ती ट्रकवरून. रूपरावांनी उभा जन्म ड्रायव्हरकीत काढला. गाडी पार कोलकात्यापासून गुजरातपर्यंत जायची, पण घर कारंजा घाडग्याला, नागपूर-अमरावती रस्त्यालगतच, त्यामुळे सगळे रस्ते शेवटी घरावरूनच जात. गाडी गॅरेजला लावून तुम्ही चहा प्यायला गेलात की नवी स्टेपनी जुनी होते, बॅटरी म्हातारी होते आणि जॅक तर विरघळूनच जातो. म्हणून ड्रायव्हर लोक सामानावर खुणा करतात. रूपराव ताडपत्री शिवायच्या दाभणानं करायचे. ते डावखुरे, त्यामुळे त्यांच्या तिरप्या रेघा डावीकडे कललेल्या, आणि इतक्या खोल की वरून रंग मारला तरी बोटाला लागाव्यात. बाकीचे ड्रायव्हर गाडीतून उतरताना संशय गाडीतच ठेवून उतरत. रूपराव तो पिशवीत घालून घरी आणत.

रोज सकाळी ते डिझेलच्या टाकीत काडी घालून बघत. ढाब्यावर जेवताना तोंड गाडीकडे करून बसत. लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर सोबत असला आणि गाडी त्याच्या हातात असली, तर शेजारी बसलेल्या रूपरावांचा डोळा लागला असं कधी झालं नाही. दुसऱ्याच्या पायांकडे बघत ते अख्खा रस्ता काढत. आणि क्लीनरच्या हातात स्टेअरिंग? नाव काढू नका. आता क्लीनर उस्तादाच्या हाताखाली राबतो तो काही पगारासाठी नाही. गाडी धुवायची, चाकं बदलायची, शिव्या खायच्या, ते सगळं एका दिवसासाठी. कधीतरी रिकामी गाडी आणि मोकळा रस्ता बघून उस्ताद म्हणतो, "घे, बस." त्या दिवशी क्लीनरचा ड्रायव्हर व्हायला लागतो.

मुकेश नावाचा एक क्लीनर त्यांच्याकडे तीन वर्षं होता. रात्री स्टेपनीवर खूण करताना बॅटरीचा उजेड धरून उभा राहायचा. तीन वर्षांत ती "घे, बस" काही आली नाही. शेवटी एका सकाळी रूपराव टाकीत काडी घालत असताना त्यानं आपली चादर काखेत मारली आणि म्हणाला, "उस्ताद, तुमच्यापाशी सगळं शिकलो, एक स्टेअरिंग सोडून. चालतो मी." रूपरावांनी आधी काडी बघितली. मग त्याच्याकडे बघितलं, तोवर तो रस्ता ओलांडून गेला होता. पुढे तो नागपूरला कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला आणि कारंज्याच्या बसस्टँडसमोर त्यानं छोटंसं दुकान टाकलं. तिथून जाताना रूपराव मान वळवून दुसरीकडे बघत. इतक्या लवकर दुकान टाकलं, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्यांचं मत होतं.

मग पायाचं झालं. रूपरावांना साखरेचा आजार. परतीच्या एका फेरीत तळेगावच्या घाटाच्या माथ्यावर त्यांनी गाडी उभी केली. घाट उतरण्याआधी खाली उतरून गाडीभोवती एक फेरा मारायचा, चाकाचाकाला हात लावायचा आणि मगच वर बसायचं, हा त्यांचा नेम. फेरा झाला. वर चढून त्यांनी डावा पाय क्लचवर ठेवला, तर पाय ठेवला की नाही हेच कळेना. खाली पाहिलं तर चप्पल रक्तानं भरलेली. खिळा आरपार गेला होता आणि कधी गेला याचा त्यांना पत्ता नव्हता. मागून आलेल्या कुणा अनोळखी ड्रायव्हरनं त्यांची गाडी घाटाखाली उतरवली. रूपराव क्लीनरच्या सीटवर बसून त्याच्या पायांकडे बघत आले. पाय पुढे गुडघ्याखालून कापावा लागला. मालकानं गाडी दुसऱ्याला दिली. पाय गेल्याचं दुःख त्यांनी गिळलं, पण आपली गाडी आपल्या हातानं घाटाखाली आली नाही, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. जेवता जेवता मध्येच म्हणत, "तो थर्डमध्ये उतरला गा. म्या सेकंडमध्ये उतरवली असती."

मुलगा सचिन पुण्याला नोकरीला. त्याच्या कॉलेजातला जुना कॉम्प्युटर घरी धूळ खात होता. दिवाळीत आला तेव्हा बापाचं तोंड बघून त्यानं त्यात युरोपातल्या रस्त्यांवर ट्रक चालवायचा एक गेम टाकून दिला. पहिल्यांदा रूपरावांनी नाक मुरडलं. आठवड्यानं नलूबाई जेवायला बोलवायला गेली तर आतून आवाज आला, "थांब वं, पोलंडात हावो, माल उतरवाचा हाय." क्लचची गरज नव्हती, डाव्या पायाची नव्हती. बोटांखाली गाडी वळत होती. पडद्यावर झाडं मात्र दिसत नव्हती. कॉम्प्युटर म्हातारा, म्हणून सचिननं झाडं, पाऊस, सावल्या सगळं बंद करून ठेवलं होतं.

असंच चाललं असतं, पण कुठल्याशा पोरांनी हौसेनं आपल्याकडच्या रस्त्याचा नकाशा बनवून त्या गेमसाठी फुकट वाटला. नागपूरहून निघायचं, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, आणि घाट. सचिननं फोनवरून सांगत सांगत तो नकाशा बापाकडून टाकून घेतला. त्या दिवशी रूपराव अमरावतीकडून माल भरून निघाले. गाडी अडकत अडकत, हप्त्याहप्त्यानं पुढे सरकत घाटाच्या माथ्यावर आली आणि चित्र थिजलं. पुढे रस्ता नाही, नुसता करडा पडदा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वीस वेळा केलं असेल. गाडी माथ्यावर यायची आणि उभी राहायची.

"बाबा, त्याला ग्राफिक कार्ड लागतं," सचिन म्हणाला. "चित्र काढायचा वेगळा पार्ट असतो. मी ऑनलाइन पाठवतो."

"खोक्यात साबणाची वडी येते. मले मालूम हाय."

"मग मुकेशदादाकडून घ्या. सेकंडहॅण्ड मिळेल, तीन हजारांच्या आत."

मुकेशचं नाव ऐकताच रूपरावांच्या मनात पाल चुकचुकली. पण कारंज्यात दुसरं दुकान नव्हतं, आणि घाट तर उतरायचा होता. दोन दिवस त्यांनी कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी कुबडी टेकत बसस्टँडवर गेले.

मुकेश आता पस्तिशीचा, पोट सुटलेला. उस्ताद दारात दिसताच तो खुर्ची सोडून उठला. त्याच्या त्या उठण्याचाही रूपरावांना संशय आला. इतका मान कोणी फुकट देत नाही.

"तुमच्या मशीनचा पॉवर सप्लाय लहान हाय, उस्ताद," सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला. "मोठं कार्ड टाकलं तं पेलणार नाई. मोठं इंजन बसवाले चेसिस पायजे न? हे पाहा, याले वेगळी वायर लागत नाई. तुमच्या कामापुरतं बेस हाय."

म्हणजे मोठं कार्ड याच्याकडे नाही आणि हे खपवायचं आहे, हे रूपरावांनी ताडलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं. पाटीएवढी हिरवी पट्टी, एका बाजूला छोटा पंखा, दुसरी बाजू उघडी, आणि टोकाला वायर खुपसायची लोखंडी पत्ती.

"किती चाललं हे?"

"सांगता येत नाई. एका पोराचं होतं, त्यानं नवं घेतलं."

"काऊन घेतलं? हे चांगलं होतं तं?"

"हौस, उस्ताद."

"उघडलं होतं काय? रंगरंगोटी केली काय? पंखा ओरिजिनल हाय?"

मुकेशनं न चिडता कार्ड दुकानातल्या मशीनला लावून चालवून दाखवलं. पडद्यावर मोटारी धावल्या, पाऊस पडला, पाण्यात दिव्यांचं प्रतिबिंब पडलं. रूपराव बघतच राहिले, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. पैसे दिले आणि म्हणाले, "हे मी आज घरी नेतो. उद्या मशीन घेऊन येतो, तवा माह्या डोयासमोर बसव."

"आजच ऑटोत मशीन आणून..." मुकेश काही सुचवू लागला होता, पण रूपराव पिशवी छातीशी धरून निघालेही होते.

घरी आणायचं कारण उघड आहे. बिनखुणेची वस्तू मेकॅनिकच्या हातात कशी द्यायची? उद्या आपण इकडे तिकडे बघितलं की हा आतून दुसरंच चढवेल. त्यांनी दुपारीच दारं लावून दाभण काढलं. पंख्याच्या बाजूला जागा नव्हती. मागची उघडी हिरवी बाजू मात्र ऐसपैस होती. केसासारख्या बारीक रेघांची नक्षी होती तिच्यावर, पण कोपऱ्यात बरी जागा दिसली. त्यांनी डाव्या हातात दाभण घट्ट धरलं आणि सवयीप्रमाणे जोर लावून खूण उठवली. दोन तिरप्या, एक आडवी. बोट फिरवून बघितलं. बोटाला लागत होती. त्या दिवशी बऱ्याच काळानं ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी नलूबाई मशीन मांडीवर घेऊन ऑटोत बसली. दुकानात रूपरावांनी स्टूल मुकेशच्या अगदी हाताला लागेल असं ओढून घेतलं आणि डोळ्यांत तेल घालून बसले. मुकेशनं खोकं उघडलं, कार्ड बसवलं, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच.

पुन्हा काढून बसवलं. काळाच. दुकानातल्या मशीनला लावून बघितलं. तिथंही काळाच.

"काल चालत होतं," रूपराव हळूच म्हणाले. तो हळू आवाज नलूबाईच्या ओळखीचा होता. तिनं पदर सावरला.

"हाव, चालत होतं," मुकेश म्हणाला.

"मंग एका रात्रीत मेलं? का काल दाखवलं एक आन पिशवीत टाकलं दुसरं?"

मुकेशनं कार्ड उलटं केलं. कोपऱ्यात त्याची नजर गेली आणि तिथंच थांबली. त्यानं अंगठा त्या जागेवरून एकदा फिरवला. मग तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि रूपरावांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लगेच लावला. चोर सापडला की असाच गप्प होतो. गॅरेजवाले असेच गप्प होत.

"ठेवून जा, उस्ताद," शेवटी तो म्हणाला. "पाहतो मी काय होते तं. परवा या."

परवा! रूपरावांना मनातल्या मनात हसू आलं. दोन दिवसांत हा माल इकडचा तिकडे करणार, पण कार्डावरही खूण आहे, याचा याला पत्ता नाही. रागापेक्षा त्यांना आता हुरूपच जास्त आला होता. परत जाताना समोरच्या टपरीवर त्यांनी मुद्दाम चहा घेतला आणि टपरीवाले पुंडलिकराव यांना सगळं सांगून ठेवलं. "परवा या वक्ताले मोकळे राहा, पुंडलिकराव. तमाशा पाहाले भेटन."

परवा ते ठरल्या वेळी हजर झाले. मुकेशनं बटण दाबलं. पडदा उजळला. झाडं, पाऊस, सावल्या, सगळं. मुकेशचा चेहरा खुलला होता.

"उघड," रूपराव म्हणाले.

"आता चालून राह्यलं न, उस्ताद."

"उघड म्हणतो."

त्यानं खोकं उघडलं, कार्ड काढून दिलं. रूपरावांनी उलटं केलं. कोपरा कोरा होता. त्यांनी बोट फिरवलं. गुळगुळीत. खूण नव्हती.

"बदललं!" त्यांची कुबडी फरशीवर आपटली. "पुंडलिकराव, या इकडं! माह्या कार्डावर माही खूण होती. कुठं गेली? माह्या हाताखाली तीन वर्षं राह्यलेला माणूस माह्या डोयात धूळ फेकते!"

"उस्ताद, जरा इकडं पाहा, या पत्तीवर..."

"काई दाखवू नोको मले! लई दाखवलं तुवा!"

बसस्टँडवर बघ्यांना काय तोटा? दारात घोळका झाला. दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप परत घ्यायला एक मुलगी पुढे आली आणि दुरुस्तीची वाट न बघता घेऊन गेली. मुकेशनं एकदा त्या मुलीकडे बघितलं, मग खाली मान घालून कार्ड परत बसवलं, चारही स्क्रू लावले आणि मशीन नलूबाईच्या पुढे ठेवलं.

"घेऊन जा, काकू. चालते तोवर चालवा. पैसे वापस पायजे असले तं सांगजा."

"घेऊन तं जाईनच," रूपराव गरजले. "दुसऱ्याचं का असेना, चालते तं खरं!"

घरी आल्यावर नलूबाई म्हणाली, "त्यानं पैसे वापस देतो म्हटलं. चोर असं म्हनते काय?" रूपरावांच्या मते अट्टल चोर असंच म्हणतो.

ऊन अंगणातून सरकायला लागलं होतं. रूपराव मशीनसमोर बसले आणि अमरावतीकडून गाडी काढली. काय रस्ता दिसत होता म्हणता! कडेची बाभळीची झाडं दिसत होती, धुरकट ढाबे दिसत होते, पुढच्या ट्रकच्या फाळक्यावरची धूळसुद्धा दिसत होती. गाडी कुठंच अडकली नाही. त्यांचा राग कधी उतरला त्यांनाच कळलं नाही. घाटाचा माथा आला. खाली वळणावळणानं रस्ता उतरत गेलेला, पार शेवटपर्यंत स्वच्छ दिसणारा. रूपरावांनी गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला आणि सवयीनं उठून उभे राहिले.

घाट उतरण्याआधी फेरा मारायचा. पण कशाभोवती मारणार? ते क्षणभर वरमले. मग आजूबाजूला बघितलं, नलूबाई स्वयंपाकघरात होती. त्यांनी कुबडी घेतली आणि टेबलाभोवतीच फेरा मारला. पडद्याला हात लावला, खोक्याच्या या बाजूला लावला, त्या बाजूला लावला. मागे वाकून जिथं वायर खुपसलेली होती त्या लोखंडी पत्तीवर बोट ठेवलं, आणि बोटाला काहीतरी लागलं.

त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली. दोन तिरप्या, एक आडवी.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपणच केली असणार. मग नीट बघितलं. रेघा उजवीकडे कललेल्या होत्या. डावखुऱ्या माणसाच्या हातून अशा येत नाहीत. उजव्या हाताच्या कोणीतरी सावकाश, बेताच्या जोरानं, कार्डाला धक्का न लावता काढलेल्या. कुणी? त्यांची खूण कशी असते हे जगात दोनच माणसांना नीट ठाऊक होतं. एक नलूबाई. दुसरा, तीन वर्षं बॅटरी धरून उभा राहणारा.

मग त्यानं ही का केली? फसवायला केली म्हणावं, तर ज्या जागी आपण शोधणार तिथंच केली असती. कोपऱ्यात का नाही केली? रूपराव खाटेवर बसले आणि सचिनला फोन लावला.

"सचिन, त्या कार्डाच्या मागं बारीक रेघा असतात न. त्यायच्यावर कोनी दाभणानं खूण केली तं काय होते?"

सचिन हसला. "बाबा, त्या रेघा म्हणजेच वायरी असतात. कापल्या की कार्ड मेलं. कोण करणार असं? का हो?"

"काई नाई," रूपराव म्हणाले आणि फोन ठेवला.

कार्ड चांगलं होतं. ते त्यांनीच मारलं होतं, दारं लावून, भर दुपारी. मुकेशला ते पहिल्याच नजरेत कळलं होतं. त्यानं ते सांगितलं नाही. दुसरं कार्ड घातलं, आणि उस्तादाला खुणेशिवाय झोप लागायची नाही म्हणून जिथं इजा होणार नाही तिथं त्यांची खूण काढून दिली. तीच तो दाखवत होता. आणि आपण भर चौकात त्याला चोर म्हटलं. रूपरावांना स्वतःची लाज वाटली. स्वयंपाकघरातून नलूबाईनं काय झालं विचारलं, तर त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "मंग बसले काऊन? चला न."

दुकान उघडंच होतं, पण आत गिऱ्हाईक नव्हतं. रूपराव आत गेले नाहीत. सकाळी आत ओरडले होते, आता बाहेर रस्त्यावर उभे राहिले आणि तेवढ्याच आवाजात म्हणाले, "पुंडलिकराव! सकाळी आयकलं न माहं? आता हे आयका. कार्ड म्या मारलं. माह्याच दाभणानं. यानं आपल्या पदरचं देलं. चोर कोनी नोयता, मीच येडा होतो."

पुंडलिकराव चहाची गाळणी हातात धरून उभे राहिले. मुकेश बाहेर आला, कानापर्यंत लाल झालेला. "उस्ताद, आत या न. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. सकाळी पाह्यलं, आताई पाहू दे. तुवा सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं मानलं असतं तुम्ही? म्हटलं असतं, आपलं पाप माह्यावर टाकते."

रूपरावांनी मान हलवली. खरंच म्हटलं असतं. "मंग हे कोठचं?"

"माह्या घरच्या कॉम्प्युटरचं."

"मंग आता तू काय खेयतं?"

"पत्ते," मुकेश म्हणाला.

नलूबाई पदर तोंडाला लावून हसली. रूपराव हसले नाहीत. कुबडीवर भार देऊन ते त्याच्याकडे बघत राहिले. "शटर ओढ. घरी चाल. गाडी घाटाच्या माथ्यावर उभी हाय."

घरी त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतः शेजारच्या वेताच्या मोढ्यावर बसले. मुकेश उभाच राहिला.

"घे, बस," रूपराव म्हणाले.

मुकेशला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं खुर्चीकडे बघितलं, पडद्यावरच्या घाटाकडे बघितलं.

"उस्ताद, हा घाट तुमचा हाय. येता येता काकूनं सांगतलं मले. तुम्ही उतरवा."

"माहं उद्याले होईन. तो कुठं जाते? बस म्हणतो न."

मुकेश बसला. बोटं ठेवली, उचलली, पॅण्टला पुसली आणि परत ठेवली. गाडी हलली.

"सेकंडमध्ये उतरव. थर्डमध्ये नाई. ब्रेकावर पाय ठेवून उतरते तो ड्रायव्हर नाई."

"हाव, उस्ताद."

पहिलं वळण आलं. रूपरावांची नजर सवयीनं खाली गेली, मुकेशच्या पायांकडे. तिथं क्लच नव्हता, ब्रेक नव्हता, नुसत्या चपला होत्या. त्यांनी नजर उचलली, पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले. इंजिनाचा आवाज वळणागणिक खाली उतरत होता.

दोन वळणं गेल्यावर मुकेशनं हळूच विचारलं, "उस्ताद, झोपले काय?"

उत्तर आलं नाही. नलूबाईनं दारातून बघितलं, बोट ओठांवर ठेवलं आणि मुकेशला खुणेनंच सांगितलं, चालू दे.